अण्णांनी उघडा ठेवलेला जोड

वैशाख लागला की बदलापुरात सकाळचं घड्याळ बँडवाल्यांच्या ताब्यात जातं. साडेनवाला समोरच्या हॉलवर ढोलाला पहिली थाप पडते, मग कुणीतरी क्लॅरिनेट फुंकून बघतो, आणि दहाच्या सुमाराला मंगलाष्टका सुरू होतात. गुरुजी तेच, चाल तीच, नावं तेवढी बदलतात. दर मे महिन्यात मी आठ दिवस माहेरी येते आणि ही सगळी लग्नं खिडकीतून ऐकते. आई कैरीच्या फोडींना मीठ लावत बसलेली असते. हातातलं काम न थांबवता ती सांगते, "मुलाकडची अजून आली नाय. गुरुजी ओढून धरतात बघ कसे."

लग्नसराई म्हटलं की लोकांना मोगरा आठवतो, मसालेभात आठवतो. माझ्या लग्नसराईचा वास वेगळा आहे. पेट्रोल, झेंडू आणि उन्हात तापलेलं रेक्झिन. हे तीन वास एकत्र आले की मी पुन्हा अंबरनाथच्या चाळीत, पत्र्याच्या शेडमागे उभी असते. हातात फडकं, आणि समोर आमची गाडी.

आमच्याकडे गाडी होती. हे वाक्य मी कॉलेजात कुणाला सांगितलं की समोरची मुलगी आधी माझ्या चपलांकडे बघायची. तिचंही चुकत नव्हतं. माझे वडील, अण्णा, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वेल्डर होते. आई उल्हासनगरहून जीन्सचे खिसे शिवायला घरी आणायची. चाळीत दहा बाय बाराची खोली, आणि मागे शेडमध्ये विलायती, दोन दारांची, उघड्या टपाची मोटार. आहे ते असं आहे. मी खोटं कशाला सांगू? (एकदा सांगितलं होतं. ते पुढे येईल.)

ब्याऐंशी साली अण्णा उल्हासनगरच्या भंगार बाजारात लोखंडी अँगल आणायला गेले आणि टेम्पोतून मोटार घेऊन आले. मोटार म्हणजे दोन तुकडे. ट्रकमध्ये मावेना म्हणून कुणीतरी गॅस कटरने तिला बरोबर मधोमध, या दारापासून त्या दारापर्यंत आडवी, कापली होती. गाडी कुठल्याशा संस्थानिकाची आहे असं भंगारवाल्याने सांगितलं होतं. भंगारवाले सगळ्याच जुन्या गाड्या संस्थानिकांच्या सांगतात. पुढचा तुकडा शेडमध्ये गेला, मागचा बाहेर राहिला, आणि त्याच्या सीटच्या स्प्रिंगांत शेजारणीच्या कोंबडीने त्याच आठवड्यात अंडं घातलं.

आईने दोन्ही तुकड्यांना एक फेरी मारली. ती बदलापूरजवळच्या चामटोली गावची. तिचं बोलणं सरळ.

"अवो, एवढा लोखंड आणलात, त्याच्यातून एक नळ निघंल का?"

आईला नळ पाहिजे होता. घरातला, ओट्यावरचा, आपल्या हाताने सोडायचा नि आपल्या हाताने बंद करायचा. चाळीला एकच नळ होता, पहाटे साडेचारला यायचा आणि सहाला जायचा. लग्न झाल्यापासून ती त्या रांगेत उभी होती. तिच्या लग्नात मामाने दिलेली पितळी कळशी होती, गळ्याशी नाव कोरलेली: चि. सौ. कां. यमुना हिस मामाकडून. रांगेत माणूस नसलं तरी ती कळशी नंबर धरून असायची. तिला कुणी हात लावत नसे.

गाडीला चार वर्षं लागली. रविवार, सणाच्या सुट्ट्या, पहिल्या पाळीनंतरच्या दुपारी. उन्हाळ्यातल्या त्या दुपारी मला अजून अंगावर जाणवतात. पत्रा तडतडतोय, आत निळा उजेड फुलतोय आणि विझतोय, आणि अण्णा ओरडतायत, "बाय, बघू नको इकडे!" कधी खुशीत असले की ते स्वतःची काळी काच माझ्या डोळ्यांपुढे धरायचे. त्या काचेतून मी पहिल्यांदा सूर्य नीट गोल पाहिला. चाळीतले लोक जाता-येता टोमणे मारायचे. "अण्णा, विमान कधी उडणार?" अण्णा म्हणायचे, "तिकीट काढून ठेवा."

टप आईने शिवला. गाडी तिला आवडत नव्हती, पण वाकडी शिलाई त्याहून आवडत नव्हती. अण्णांनी एका टेलरकडून शिवून आणलेला टप तिने एकदा डोळ्यांखालून घातला, उसवला, आणि कॅनव्हास गुंडाळून उल्हासनगरला घेऊन गेली. तिथल्या कारखान्यात कारागीर जेवायला उठले की त्यांच्या मोठ्या मशीनवर ती बसायची. तीन दुपारींत टप झाला. खाकी कॅनव्हास, आणि त्यावर जीन्सच्या खिशाची असते तशी पिवळ्या जाड दोऱ्याची दुहेरी शिलाई. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही विलायती गाडीला तशी शिलाई नसणार. याची मला तेव्हा लाज वाटायची. आता वाटतं, बाई, लाज कसली, छाती काढून सांगायचं होतंस.

आणि तो जोड.

दोन्ही तुकडे जुळवून अण्णांनी खालून पट्ट्या दिल्या, मग वेल्डिंग केलं. दार उघडलं की पायाखालच्या पट्टीवर, या दारापासून त्या दारापर्यंत, तो जोड दिसायचा. माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक चढलेला, करंगळीएवढा जाड. गाडीला हस्तिदंती रंग मारायला आलेला पेंटर म्हणाला, "अण्णा, एवढी लाइन पुट्टी भरून गायब करतो. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"गायब केलीस तर मला कशी दिसणार?"

"तुम्हाला कशाला पाहिजे बघायला?"

"तडा गेला तर पहिला मलाच दिसायला पाहिजे ना? लोक बसणार तिच्यात."

तेवढी पट्टी बिनरंगाची राहिली. गंजू नये म्हणून अण्णा तिच्यावरून तेलाचं बोट फिरवायचे. गाडी बाहेर काढायच्या आधी दार उघडायचं, वाकायचं, आणि अंगठा जोडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. डोळे मिटून. आई देवाला जेवढा वेळ द्यायची तेवढाच वेळ.

शहाऐंशीपासून गाडी वरातींना जाऊ लागली. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर, कधी वांगणीपर्यंत. टप खाली पाडून झेंडूच्या माळा सोडायच्या, बॉनेटवर नारळ, मागे नवरा-नवरी, त्यांच्या पायांशी दोन करवल्या, आणि कुणाची तरी रडवी भाची पुढे अण्णांच्या शेजारी. वरात म्हणजे काय, बँडच्या पावलाने चालायचं आणि प्रत्येक नाक्यावर थांबायचं, कारण नवऱ्याच्या मित्रांना तिथेच नाचायचं असतं. गाडी सगळा वेळ पहिल्या गिअरमध्ये. अर्ध्या तासात रेडिएटरमधून वाफ. मग अण्णा उतरायचे, फडक्याने झाकण उघडायचे, आणि पुढच्या सीटखालची आईची कळशी काढून पाणी ओतायचे. एका वरातीला दोन कळश्या, मोठी असली तर तीन.

आईच्या दृष्टीने हा सरळ अन्याय होता. "साडेचारला उठून पाणी मी भरायचा, आणि पिणार तुमची मडम!" मग तिने एके दिवशी जाहीर करून टाकलं, "घरात नळ आल्याबिगर मी ह्या गाडीत बसायची नाय." अण्णा हसले. पण आई खरंच बसली नाही. चार लग्नसराया गाडी दारातून निघायची, आई तिच्यावरून लिंबू उतरवायची, आणि उंबऱ्यातून परत फिरायची. तिने टप शिवलेल्या गाडीत कितीतरी नवऱ्या बसल्या. ती नाही.

मला त्या वरातींनी खूप दिलं, हे आज कळतं. अण्णांच्या सोबत मी मागच्या बाजूला फूटबोर्डवर उभी राहायची. परक्या घरांच्या मांडवात हक्काने शिरायची आणि सरबताचा ग्लास घ्यायची. सिंधी लग्नात भारी शालूतल्या बायका माझे गाल ओढायच्या. चामटोलीच्या लग्नात म्हाताऱ्या मला मधे बसवून लग्नातली गाणी, धवळे, म्हणायच्या. आपलं गाव किती प्रकारचं आहे ते मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, पहिल्या गिअरने शिकवलं.

आता नव्वद सालचा उन्हाळा.

बदलापुरात तेव्हा भातखाचरांत इमारती उगवत होत्या. आईने चामटोलीच्या नातेवाइकांकडून एका इमारतीचं ऐकलं आणि कुणाला न सांगता जाऊन बघून आली. दीड खोली, पण ओट्यावर नळ. जांभूळच्या जलकेंद्राची पाण्याची लाइन जवळून गेलेली. तिने तळमजलाच मागितला, कारण वर पाण्याला जोर नसतो. घरातलं किडूकमिडूक मोडून बिल्डरला अर्धेअधिक पैसे गेले होते. उरलेले अक्षय्य तृतीयेपर्यंत. नाहीतर जागा दुसऱ्याला, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं.

एका दुपारी जेवताना अण्णा म्हणाले, "गाडी काढून टाकू या."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. गाडी गेली तर बरं, असं ती आठ वर्षं म्हणत आली होती. त्या क्षणी मात्र तिने फक्त विचारलं, "आन् तुम्ही रविवारचा काय करनार?"

भाकरी तव्यावर करपली. अण्णांनी ती करपलेलीच मागून घेतली.

बघायला यायचं ठरलं ते गोपीशेठचं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. खुर्च्या, कमानी, नवरा-नवरीची सिंहासनं, सगळं त्यांच्याकडे होतं. वरातीची गाडी तेवढी नव्हती. ते येणार म्हणून आईने काय केलं? कांदेपोहे. कोथिंबीर, ओलं खोबरं, लिंबाची फोड. मी म्हटलं, "आई, गाडी बघायला येतायत, मला नाही." ती म्हणाली, "बघायला येनारा माणूस तो. रिकाम्या तोंडाने कसा बघंल?" तिने गाडीला माळ घातली, बॉनेटला हळदकुंकू लावलं. टपावरची धूळ ओल्या फडक्याने पुसता पुसता मला म्हणाली, "बाय, त्या पट्टीचा काय करायचा?"

पट्टी म्हणजे तो जोड.

इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, नुकतीच परीक्षा दिली होती, आणि मला त्याची घमेंड होती. पण मधलं एक वर्ष माझं गेलं होतं. दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्रात नापास झाले. घरात खरं माहीत होतं. चाळीत आणि नात्यात मी सांगितलं, कावीळ झाली. इतकं सांगितलं की मावश्या मला उसाचा रस पाजायच्या आणि डोळ्यांचा पिवळेपणा गेला का बघायच्या. जोड झाकण्याचा मला सराव होता.

म्हणून मी हुशारी केली. जुन्या रेक्झिनची पट्टी कापली, डिंक लावून त्या जोडावर बसवली, आणि वर काथ्याची नवी चटई अंथरली. एका फुलस्केपवर इंग्रजीत गाडीची माहिती लिहिली. चांगली पल्लेदार इंग्रजी. त्यात एक वाक्य होतं, की गाडीची बॉडी मूळची, अखंड आहे. आई पाहत होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिच्या डोळ्यांपुढे नळ होता, आणि माझ्याही.

गोपीशेठ आले. पांढरा सफारी, कपाळावर टिळा, हातात रुमाल. गाडीभोवती फिरले, भोंगा दाबून बघितला, स्वतःवरच खूश होऊन हसले. "अण्णा, ये तो राणी आहे, राणी! अरे साईं, इतने दिन कुठे लपवून ठेवली?" मग खुर्चीवर बसले, पोह्यांची बशी घेतली, दोन घास खाल्ले, आणि माझा कागद हातात घेऊन भुवया वर केल्या. "बेटी ने लिखा? वा! कॉलेजवाली आहे."

अण्णांची छाती फुगली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. "वाच ना बाय, मराठीत सांग काय लिहिलंस. मलाही ऐकू दे."

मी वाचत गेले. इंजिन, टायर, टप. त्या वाक्याशी आले. ते गाळावं असं एकदा वाटलं. पण गोपीशेठच्या हातात कागद होता, बोट ओळीवर होतं. मी म्हटलं, "बॉडी मूळची, अखंड."

अण्णा उठले, गाडीचं दार उघडलं, चटई उचलून बाजूला ठेवली. रेक्झिनच्या पट्टीचा कोपरा नखाने धरला आणि ओढला. डिंक अजून ओला होता. ती पट्टी एका आवाजात निघाली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"शेठ, पोरीला माहीत नव्हतं," ते म्हणाले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. "गाडी मी दोन तुकड्यांत आणली. हा जोड माझा आहे. बघून घ्या."

गोपीशेठ वाकून बघत राहिले. हसू गेलं होतं. "अण्णा, माझ्या गाडीत आठ-आठ माणूस बसणार. नई दुल्हन बसणार. भर बाजार में बीच से खुल गया तो? माझं नाव काय राहील?"

"म्हणून तर दाखवलं."

त्यांनी बशी खाली ठेवली, हात जोडले आणि गेले. आई बशीकडे बघत उभी राहिली. अर्धे पोहे तसेच होते. बघायला आलेला माणूस पोहे टाकून उठला, म्हणजे काय, ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

अक्षय्य तृतीया पाच दिवसांवर होती.

त्या संध्याकाळी आई अण्णांना एवढंच म्हणाली, "खरा बोलायचाच होता, तर त्यांचे पोहे खाऊन होईपर्यंत तरी थांबायचा!" आणि मग तिला रडू आलं. आईला रडताना मी फार कमी पाहिलंय. अण्णा शेडमध्ये गेले आणि बराच वेळ नुसते गाडीच्या फूटबोर्डवर बसून राहिले. मी कुणाच्याच जवळ जाऊ शकत नव्हते. लबाडी माझी, आणि ती निभावून न्यायची सोडून अण्णांनी स्वतःच्या अंगावर घेतली, वर "पोरीला माहीत नव्हतं" म्हणून मला झाकलं. त्यांनी आयुष्यात झाकलेला तेवढा एकच जोड.

चौथ्या दिवशी सकाळी चाळीत दोन रिक्षा शिरल्या. त्यांतून गोपीशेठ उतरले, आणि त्यांच्या मागून त्यांचं सगळं खानदान. म्हातारी अम्मा, दोन भाऊ, दोन भावजया, बायको, आणि एक मेहुणा, जो एकटाच दोघांइतका होता.

"अण्णा," गोपीशेठ म्हणाले, "मला रात-दिन तो तुझा जोड दिसतो. झोप नाही. तू बोलला नसता तर मी त्याच दिवशी पैसे दिले असते. आता असं कर. हम आठ जण बसतो. बारवी धरणाच्या रस्त्याला चढाव आहे, तिथे नेऊन आण. आमच्या अम्मासकट. तुटली तर हम सब साथ में."

अम्मा म्हणाली, "अडे, मला उतरव मग आधी!" आणि पहिली जाऊन बसली.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "तुझा खडू घे. आणि आईकडून वाटीभर रॉकेल आण."

मी शिकवण्या घ्यायची, खडू घरात असायचा. रॉकेल मात्र रेशनचं, मोजून मापून वापरायचं. आईने काही न विचारता स्टोव्हमधलंच काढून दिलं.

बारवीच्या चढावावर ती गाडी कशी चढली ते लिहिता येत नाही. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, डांबरावर ऊन थरथरतंय, आदिवासी बायका करवंदांच्या पाट्या डोक्यावर घेऊन कडेला थांबलेल्या, आणि टप उघडलेल्या हस्तिदंती मोटारीत आठ सिंधी माणसं श्वास धरून बसलेली. मी मागे फूटबोर्डवर, कळशी पोटाशी धरून. इंजिन कण्हत होतं. मी देवाला म्हणत होते, तुटायचं तर मागचा तुकडा नको, मी तिथे आहे. खरंच हेच म्हणत होते.

वर सपाटीला अण्णांनी गाडी थांबवली. सगळ्यांना उतरवलं. दार उघडून जोडावर बोटाने रॉकेल चोळलं, थोडं थांबले, मग कोरड्या फडक्याने लख्ख पुसून काढलं. त्यावर माझा खडू आडवा धरून जोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं केलं.

"शेठ, केसाएवढा जरी तडा असला तर रॉकेल आत जाऊन बसतं. फडक्याने निघत नाही. थोड्या वेळाने ते खडूतून वर येतं, काळी रेघ उमटते. आता बघत बसायचं."

बसलो. आठ माणसं, अण्णा आणि मी, एका उघड्या दाराभोवती उकिडवे. गोपीशेठची पांढरी पँट मातीत. कोकीळ ओरडत होती. खडू पांढराच राहिला. कोरडा, शाळेच्या फळ्यासारखा. शेवटी अम्माने आपलं बोट त्यावरून फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी पूड सुनेला दाखवली आणि सिंधीत काहीतरी म्हणाली. गोपीशेठ हसायला लागले. "अम्मा म्हणते, बेवकूफ, असा जोड तुझ्या भावाभावांत पण नाही."

किमतीचं मी काही लिहीत नाही. घर झालं, यात काय ते आलं.

अक्षय्य तृतीयेला गाडी द्यायची ठरली. गोपीशेठ न्यायला आले तेव्हा आई ताट घेऊन बाहेर आली. ताटात तांदूळ, खण, नारळ, सुपारी. तिने गाडीची ओटी भरली. पुढच्या सीटवर खण पसरला, त्यावर ओंजळीने तांदूळ, नारळ. अण्णा दुसरीकडे बघत होते. मग आई आत गेली आणि कळशी घेऊन आली. घासून सोन्यासारखी केलेली.

"आई, कळशी?" मी म्हटलं. "तुझ्या मामाची आहे ती."

"आता मला रांगेत नाय उभा राहायचा. तिला वाटेत तहान लागेल."

गोपीशेठला ओटी म्हणजे काय ते अण्णांनी समजावलं. ते गंभीर झाले. "म्हणजे ही बेटी दिली. ठीक आहे. मग भाभी, बेटी को छोडने माँ आत येते ना? बसा." त्यांनी मागचं दार नाही म्हणून पुढचीच सीट वाकवली आणि स्वतः मागे जाऊन बसले.

आई म्हणाली, "माझा एक बोलणा झालेला हाय. घरात नळ आल्याबिगर बसायची नाय."

अण्णांनी खिशातून किल्ली काढली. नव्या घराची. सकाळीच बिल्डरकडून आणली होती, पण सांगितलं नव्हतं. "मग आधी नळ बघून येऊ."

असं झालं की गोपीशेठची गाडी, गोपीशेठला मागे बसवून, आधी उलट्या दिशेला बदलापूरला गेली. आई पुढे बसली, नारळ मांडीवर. अंबरनाथच्या नाक्यापर्यंत तिने डोक्यावरचा पदर घट्ट धरला होता. मोकळा रस्ता लागला, वारा आला, पदर उडाला, आणि तिने तो उडू दिला. तिच्या केसांत एवढे पांढरे आहेत हे मला त्या दिवशी दिसलं. नव्या घरात भिंतींना ओला वास होता. आईने ओट्यावरचा नळ सोडला. आधी हवा आली, मग गढूळ, मग स्वच्छ. तिने तिथेच कळशी भरली, गाडीत नेऊन ठेवली, आणि परत येऊन नळ बंद केला. इतका घट्ट, की नंतर मला तो उघडता आला नाही. आजही या घरात थेंब गळलेला ती चालवून घेत नाही. जावईबापूंनासुद्धा ऐकवते.

माझा निकाल जूनमध्ये लागला, पास झाले. मग एमआयडीसीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी ठेवायच्या कामासाठी, मुलाखतीला गेले. साहेबांनी मार्कशीट पाहून विचारलं, हे मधलं वर्ष कुठे गेलं? कावीळ जिभेवर आली होती. मी म्हटलं, "नापास झाले होते. संख्याशास्त्रात." ते म्हणाले, "इथे दिवसभर आकडेच आहेत." मी म्हटलं, "माझी चूक कुठे होते ते मला माहीत आहे. ज्यांची झाली नाही त्यांना माहीत नसेल." नोकरी लागली. पुढे बघायला आलेल्या मंडळींनाही मी पोहे देताना हेच सांगितलं. एकजण पोहे टाकून उठले. दुसऱ्यांनी बशी संपवली, त्यांच्याकडे मी आता नांदतेय.

गाडी त्यानंतर आम्हाला दिसली नव्हती. गेल्या गुरुवारपर्यंत.

गुरुवारी पाचच्या सुमाराला समोरच्या हॉलमधून वरात निघाली आणि आमच्या गेटसमोरच अडली. ढोल चालू, पण पुढे सरकेना. दारावर थाप पडली. खाकी टोपीतला एक माणूस, घामाने डबडबलेला. "मावशी, पाणी मिळेल का? गाडी तापली."

त्याच्या हातात पितळी कळशी होती.

आईने ती घेतली. दोन्ही हातांनी फिरवली. गळ्याशी अंगठा नेला, तिथे अजून अक्षरं होती, थोडी झिजलेली. चि. सौ. कां. यमुना हिस. "शेठ म्हणतात, ही बदलायची नाही," तो माणूस सांगत होता. "ही गाडीबरोबर आलीय म्हणतात." आईने नळ सोडला, कळशी भरली, त्याच्या हातात न देता स्वतः कमरेवर घेतली आणि तशीच बाहेर गेली. जाताना अण्णांना हाक मारली, "अवो, पोरगी आलीय."

अण्णांना आता फारसं दिसत नाही. तीस वर्षांच्या निळ्या उजेडाने डोळे नेले. मी त्यांचा हात धरून गेटापर्यंत नेलं. गाडी आता लाल होती, चकचकीत. टपही नवा, काळा. मला वाटलं, काही उरलं नाही. अण्णांनी बॉनेटला हात लावला, मग पत्र्यावरून सरकवत सरकवत दारापर्यंत नेला. दार उघडलं. पुढच्या सीटवर एक करवली बसली होती, दहा-बारा वर्षांची.

"बाय, पाय जरा वर घे."

तिने घाबरून परकर सावरत पाय वर घेतले. खालच्या पट्टीला रंग नव्हता. सगळी गाडी लाल करताना तेवढी पट्टी गोपीशेठनी तशीच ठेवली होती, तेलाचं बोट लावलेली. अण्णा वाकले. अंगठा या टोकापासून सुरू केला, सावकाश, डोळे मिटून, जरी आता मिटायची गरज नव्हती. बँड थांबला होता. मागे नवरा-नवरी वाकून बघत होते.

"काय शोधताय आजोबा?" करवलीने विचारलं.

अंगठा दुसऱ्या टोकाला पोचला. अण्णा सरळ झाले.

"धरून आहे," ते म्हणाले. तिला नाही, आईला.

आई रेडिएटरमध्ये पाणी ओतत होती. पाणी घटाघटा आत जात होतं. "पिते मात्र अजून तेवढाच," ती म्हणाली, आणि रिकामी कळशी फडक्याने पुसून ड्रायव्हरच्या सीटखाली, तिच्या जागी ठेवून दिली.

वरात गेली. ढोल नाक्यावर वळेपर्यंत दोघं गेटात उभी होती. मी आत आले, तर स्वयंपाकघरातून आवाज येत होता. ओट्यावरचा नळ मोकळा वाहत होता. आई तो बंद करायला विसरली होती.

मी थोडा वेळ तो तसाच वाहू दिला. मग बंद केला.